तोआदेरचा गोठा

माझ्या भावाचा, तोआदेरचा, चेहरा मी नीट पाहिला तो गेल्यावरच. सत्तरी ओलांडलेला माझा सख्खा भाऊ, आणि मला तो अनोळखी वाटला. तो चेहरा कधी जागेवर नसायचाच. डोळा मिचकायचा, मान झटका घ्यायची, खांदा उडायचा आणि घशातून 'हुक्' असा आवाज निघायचा.

लहानपणी हे सुरू झालं, तेव्हा आईने त्याला मठात नेलं. आमच्याकडची रीत अशी की पाद्रीबाबांनी गळ्यातला लांब कापडी पट्टा पोराच्या डोक्यावर टाकून प्रार्थना वाचायची. पोर स्वस्थ राहिलं तर आतला सैतान पळाला. तोआदेर दगडासारखा बसला. आई रडली, तिने साऱ्यांना गोड पाव वाटला. घरी आल्याआल्या तो गोठ्यात पळाला, मागोमाग मी. तो जमिनीवर पडून इतका उडत होता की गाय बिचकून बाजूला सरली.

"ताई, शिंक दाबून बघ कधी," तो धापा टाकत म्हणाला. "मी अख्खी दुपार दाबली."

आई दरवर्षी त्याला न्यायची आणि दरवर्षी तो बरा व्हायचा. गोठ्यातलं फक्त मला ठाऊक.

पुढे तो चर्चच्या अंगणातली तोआका वाजवू लागला. टांगलेली लाकडी फळी, दोन हातोड्या, आणि प्रार्थनेआधी गावभर ऐकू जाणारा ताल. वाजवताना त्याचं अंग एकदाही उडत नसे. गावाने त्याचा काय अर्थ काढावा? "बघा, देवाच्या लाकडाला घाबरतो तो आतला!" उडला तरी सैतान, स्वस्थ राहिला तरी सैतान. या लोकांपुढे कपाळ बडवून घ्यावं.

याश शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट सांगितलं. मेंदूत खोलवर हालचालींचा जणू एक दरवान असतो. हवी ती सोडतो, नको ती अडवतो. याचा दरवान ढिला. आधी आत हुळहुळ चढत जाते, झटका दिला की घटकाभर उतरते, आणि मेंदूला त्या सुटकेचीच सवय लागते. हात आणि मन तालात गुंतले की दरवान सावध होतो.

"म्हणजे माझ्यात दुसरं कुणी नाही?" तोआदेरने विचारलं.

"कुणी नाही. तुम्हीच आहात."

पन्नाशीचा माणूस, तिथेच बाकावर हमसून रडला.

शेवटच्या आजारात त्याने माझा हात धरला. "ताई, मेल्यावर मला भोसकू देऊ नकोस."

मेलेला उठेल अशी भीती असली की आमच्याकडे त्याच्या छातीत सुई खुपसतात, गुपचूप. शेजारीण लिसावेता रुमालात सुई घेऊनच आली, मेणबत्ती लावायच्या निमित्ताने.

"कतिंका, तू जरा बाहेर जा. वाईटपणा मी घेते."

"हात तर लावून बघ त्याला!"

"अगं, किती शांत पडलाय! हे काय चांगलं लक्षण आहे?"

"जन्मभर तुमच्यापायी दाबून धरलं त्याने. आता सुटला बिचारा. नीघ इथून, भवाने!"

ती गेली. मी त्याच्या खांद्याकडे बघत बसले. एकदा उड रे, एकदाच, मी घाबरणार नाही. खांदा उडला नाही. त्याला आम्ही अख्खाच पुरला.

त्यानंतर पहिलं बर्फ पडलं आणि गोठ्यातून आवाज आला. 'हुक्.' गाय कधीच विकलेली, आत कुणी नाही. जन्मभर ऐकलेला आवाज, माझ्याच मेंदूत रुतला असेल, असं मी स्वतःला समजावते. तरी अंगावर काटा येतो. मग तो आवाज चर्चमध्येही येऊ लागला, अगदी कानाशी.

लिसावेताने माझ्याकडे निरखून पाहिलं. "दचकलीस का गं? तुला ऐकू येतोय तो. खरं सांग. अजून वेळ गेलेली नाही. माणसं तयार आहेत, थडगं उकरता येईल."

"मला काही ऐकू येत नाही," मी म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी ती माझ्यासमोर उभी राहते, नजर माझ्या तोंडावर. प्रार्थना चालू असते. 'हुक्.' मी पापणीही हलवत नाही. पुन्हा 'हुक्.' मी दगड होते. घरी आले की डोक्यावरचा रुमालही न सोडता गोठ्यात जाते, दार लावते आणि त्याच्या जागेवर पडून थरथर कापते, सगळं बाहेर पडेपर्यंत.