बाबांच्या कॅसेटची पहिली बाजू

तळणीत पडलेल्या कढीलिंबाचा वास, आणि त्याच्या पाठोपाठ आठवणीतल्या खिडकीच्या फटीतून येणारा, रिफायनरीच्या जळत्या वायूचा वास – हे दोन्ही एकत्र आले की माझा हात अजूनही थांबतो. का थांबतो, हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, मुलीला नाही. ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, तेही लिहून. बोलून सांगण्याइतका माझ्या आवाजावर माझा विश्वास उरलेला नाही.

आम्ही तेव्हा आखातात, रुवैसला होतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि मध्ये कंपनीची एकसारखी घरं. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. दरवर्षी यजमान त्यांच्या व्हिसाचं नूतनीकरण करून आणायचे, आणि बाबा दरवर्षी म्हणायचे, “आणखी एक वर्षाची सजा.” मिरजेच्या शाळेत बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला हा माणूस. रुवैसमध्ये त्यांना शिकवायला उरली होती ती फक्त अमेरिका.

हसू नका. परक्या देशात पोट भरणाऱ्या माणसांना वाद घालायला तिसराच देश लागतो. दर शुक्रवारी जेवायला इनास यायचे – वसईचे, कंपनीच्या ऑफिसात कारकून, बायकोमुलं गावी. साहेबांनी वाचून टाकलेली अमेरिकन साप्ताहिकं ते बगलेत घालून आणायचे, आणि आमटीचा पहिला भुरका होण्याआधी वादाला तोंड फुटायचं.

“मास्तर, माणूस आजारी पडला की तो राज्याचा, की देशाचा? वॉशिंग्टनने औषध द्यायला नको?”

“इनासराव, वॉशिंग्टनला काय काय करता येईल, ते मोजून लिहून दिलंय. जे लिहून दिलं नाही ते राज्यांचं, नाहीतर लोकांचं. शाळा, पोलीस, दवाखाने – ज्याचं त्याने बघावं.”

“म्हणजे पेशंटने आधी घटना वाचायची, मग खोकायचं?”

“वाचली असती तर इतका खोकला नसता.”

“यल्ला, चला मास्तर, भात वाढा! तुमच्या राज्यात भात कुणाच्या अधिकारात येतो?”

“आजोबा, इट्स सो बोरिंग,” असं म्हणून माझी मुलगी ताट घेऊन आत निघून जायची. मी वाढत असायची. आणि बाबांच्या त्या वाक्यावर – जे लिहून दिलं नाही ते केंद्राचं नाही – माझ्या हातातला डाव क्षणभर अडखळायचा. आमच्या घरात केंद्राला किती अधिकार होते? ते कुणी, कधी लिहून दिले होते?

एम.ए.ला मी कविता घेतली होती. जात्यावरच्या ओव्यांवर संशोधन करायचं ठरलं होतं, आणि विद्यापीठाचं होकाराचं पत्रही आलं होतं. बाबांनी परस्पर नकार कळवून टाकला. मला कळलं ते तीन महिन्यांनी, लग्नाची तारीख पक्की झाल्यावर. त्यानंतर त्या पत्राबद्दल आमच्या घरात एक शब्दही निघाला नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही. सांगते ते एवढ्यासाठीच, की पुढे मी काय ऐकायची वाट पाहत होते, ते तुम्हाला कळावं.

माझा थोरला भाऊ शिरीष ओहायोत होता. त्याने कॅरलशी लग्न केलं. ती कृष्णवर्णीय, तिची आई अमेरिकेच्या दक्षिणेत वाढलेली. बाबा लग्नाला गेले नाहीत. पुढे काही वर्षांनी बोलणं सुरू झालं, तेही राजकारणाच्या आडोशाने. दर शुक्रवारी शिरीषचा फोन यायचा. दोघं प्रकृतीची चौकशी दोन वाक्यांत उरकायचे आणि मग अर्धा तास त्या देशाच्या कारभारावर बोलत राहायचे. बाबांचा चेहरा तेव्हा असा उजळायचा, की मी मुद्दाम दाराशी उभी राहून पाहायची. माझ्याशी बोलताना तो तसा कधी उजळला होता का? असेल. मला आठवत नाही.

ते दोन हजार साल. तिकडे निवडणूक झाली होती, मतमोजणी आठवडे लांबली होती, आणि बाबांना तर जणू दिवाळीच्या पाठोपाठ दुसरी दिवाळी आली होती. राज्यांच्या कामात वॉशिंग्टनने नाक खुपसू नये, हे ते त्या शुक्रवारीही सांगत होते. बोलता बोलता शाळांवर आले – प्रत्येक राज्याने आपल्या शाळा आपल्या रीतीने चालवाव्यात, वरून सक्ती झाली की सगळं बिघडतं. मग पलीकडून शिरीष काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. बाबांनी रिसीव्हर हळूच, काचेचं भांडं ठेवावं तसा, खाली ठेवला. तो काय म्हणाला, ते त्यांनी संध्याकाळी सांगितलं, माझ्याकडे न पाहता:

“म्हणाला, कॅरलच्या आईला शाळेचं दार ओलांडायला केंद्राचे सैनिक बरोबर लागले. तुमच्या राज्यांनी तिला दारात उभं केलं नसतं, आणि तुम्ही कॅरलला.”

नंतरच्या दोन शुक्रवारी फोन आला नाही. बाबांनीही केला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे एक कोरी कॅसेट मागितली. हात कापत असल्यामुळे त्यांना लिहिता येत नव्हतं. आतल्या खोलीचं दार लावून, यंत्राची घरघर आवाजात मिसळू नये म्हणून एसी बंद करून, तीन दुपारी ते रेकॉर्डरसमोर बसले. बाहेर यायचे तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला असायचा. चौथ्या दिवशी कॅसेट माझ्या हातात दिली. “इनासराव ट्रेनिंगला ह्यूस्टनला चाललेत ना? त्यांच्याबरोबर दे. तिकडून टपालात टाकतील.”

रुवैसची ती रीतच होती. कुणी निघालं की कॉलनीभर बातमी व्हायची आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या दिवाणखान्यात पुडक्यांची रास लागायची – लोणची, औषधं, बाळाची टोपडी. निघणारा माणूस नाही म्हणत नसे. पुढच्या खेपेला त्याचं पुडकं दुसऱ्याच्या बॅगेत जायचं असे. पुडकं बांधणाऱ्यावर आणि नेणाऱ्यावर सगळ्यांचा आंधळा विश्वास. त्या विश्वासावर आम्ही सगळे तिथे जगत होतो.

मी शिरीषसाठी चिवडा करायला घेतला. आणि तो निवत असताना, बाबा झोपलेले असताना, ओट्यावर रेकॉर्डर ठेवून, आवाज अगदी लहान करून मी ती कॅसेट ऐकली.

ऐकायची नव्हती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

अर्धा तास बाबा बोलत होते. सुरुवात नेहमीसारखीच – अधिकार, मर्यादा, कलमं. मग आवाज सावकाश खाली येत गेला. “शिरीष, मी हे पुस्तकात वाचलं. तुझ्या सासूबाईंनी ते भोगलं. केंद्राला मर्यादा हवी, हे मी मुलांना शिकवत आलो. राज्यालाही हवी, हे शिकवायचं राहिलं. आणि बापालाही. तुझ्या घरात माझे अधिकार कुठे संपतात, ते मला कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. कॅरलची माफी मागायची आहे. तिला मराठी येत नाही. तू सांगशील ना?” मध्ये मध्ये खुर्चीची करकर. बाबांना मी असं कधी ऐकलं नव्हतं.

आणि मी काय करत होते? मी माझ्या नावाची वाट पाहत होते. ज्या माणसाने सुनेची माफी मागितली, तो याच श्वासात मुलीचीही मागेल. त्या पत्राची त्याला आठवण होईल – आता, पुढच्या वाक्यात, त्याच्या पुढच्या. शेवटी नाव आलं. “वृंदाकडे माझं बरं चाललंय. जेवण वेळेवर मिळतं.”

बाजू संपली. बटण टक् करून वर आलं.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरते आहे. चिवड्याची पिशवी मी खोक्यात भरली, कडा चिकटपट्टीने बंद केल्या, वर शिरीषचा पत्ता लिहिला. संध्याकाळी इनास आले. “यात मास्तरांची घटनासमिती पण आहे ना?” त्यांनी हसत विचारलं. मी मान डोलावली. कॅसेट ओट्याच्या खणात होती.

एवढंच असतं तर ती पुढच्या माणसाबरोबर पाठवता आली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेल्यावर मी ती रेकॉर्डरमध्ये घातली, सुरुवातीला आणली, आणि तिच्यावर माझ्या कविता म्हटल्या. लग्नानंतर लिहिलेल्या, कुणालाच न दाखवलेल्या. आवाज लावून, एकेक शब्द नीट उच्चारून. कविता एकोणीस मिनिटांत संपल्या. त्यांच्या बोलण्याची अजून अकरा मिनिटं उरली होती. मी रेकॉर्डचं बटण दाबलेलंच ठेवलं आणि बाजू संपेपर्यंत समोर गप्प बसून राहिले. रागाच्या भरात हातून होऊन जातं, असं म्हणतात. अकरा मिनिटं राग टिकतो का? मला तर आठवतं, मी शांत होते. खिडकीतून समुद्र दिसत होता.

पंधरवड्याने शिरीषचा फोन आला, बाबा घरी नसताना. चिवडा पोहोचला म्हणाला. मग जरा थांबून – “बाबांनी काही दिलं होतं का गं बरोबर?”

“नाही रे,” मी म्हटलं.

“काही म्हणाले?”

“नाही.”

मग त्याने चिवड्याची तारीफ केली.

त्यानंतरही तो फोन करत राहिला, पण माझी नि मुलीची खुशाली विचारून ठेवून द्यायचा. बाबा शेजारच्या खोलीत, दार उघडं टाकून बसलेले असायचे. आपलं बोलून झालंय, आता पाळी त्याची – म्हणून ते उठत नसत. आपल्याला काही बोलावंसं त्यांना वाटत नाही – म्हणून तो त्यांना बोलवत नसे. दोघांच्या मध्ये रिसीव्हर धरून मी उभी. किती सोपं होतं म्हणायला, बाबा, या. कितीदा.

दोन वर्षांनी बाबा मिरजेला परतले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. शिरीष तिसऱ्या दिवशी पोहोचला, कॅरलला घेऊन. अंगणात उन्हात पडलेल्या बाबांच्या चपला तिने कुणी न सांगता उचलून सावलीत ठेवल्या. तिच्यासाठी काय बोललं गेलं होतं, ते जगात मला एकटीला ठाऊक होतं. शिरीषने पुन्हा विचारलं, शेवटी माझ्याबद्दल काही? मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा सांगता आलं असतं, शब्दशः; कविता पाठ करायची सवय आहे मला, त्या अर्ध्या तासातलं प्रत्येक वाक्य मला आजही येतं. मी सांगितलं नाही. अजूनही तो दरवर्षी बाबांच्या तिथीला फोन करतो. आजवर सांगितलेलं नाही.

त्या कॅसेटवर माझा आवाज आहे. चांगला लागला होता, असं वाटतं. पुन्हा ऐकलेला नाही.

एकच राहिलं. चिवड्याचा तो फोन मी ठेवला, तेवढ्यात बाबा समुद्रावरून आले. दारातच उभे राहिले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं, कुणाचा फोन होता ते. मीच म्हटलं, “पोहोचली बाबा. ऐकली म्हणाला. कॅरललाही सांगितली म्हणाला.” एवढं सगळं एका दमात कसं सुचलं मला? ते भिंतीला धरून सावकाश खुर्चीत बसले. कापणारे दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. किती तरी दिवसांचा कोंडलेला श्वास बाहेर पडला, आणि त्याच्याबरोबर, मला ऐकू येईल न येईल असा, एक शब्द:

“सुटलो.”