बैलाच्या कुशीवरचे चेअरमन

आजकाल मोबाईलवर पुढाऱ्यांची टिंगल करणारी चित्रं येतात आणि खाली काढणाऱ्याचं नाव नसतं. नाव टाकायला ह्यांना काय होतं, असं लोक म्हणतात. मी गप्प बसतो. कारण माझं गाजलेलं एकुलतं एक व्यंगचित्र दुसऱ्याच्या बैलावर होतं.

त्या साली शिरूर कासारकडं पाऊस फिरकलाच नाही. पोळा आला तरी आमची जनावरं चारा छावणीतच. छावणी घातलेली साखर कारखान्याच्या चेअरमननी. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, तिथं बैलजोडीपाशी पाल ठोकून राहिलेले. दिवाळीनंतर दोघं नवराबायको ह्याच जोडीवर ऊसतोडीला जायचे. बैल असले तर ऊस गाडीतून जायचा, नसले तर मोळ्या डोक्यावर. म्हणून दाजी स्वतः अर्धी भाकर खायचे, पण बैलांना डोळ्यात तेल घालून जपायचे.

मी पेंटर. निवडणुकीत चार गावच्या भिंतींवर ह्याच चेअरमनचा हसरा चेहरा मी रंगवलेला, खाली 'शेतकऱ्यांचा कैवारी'. पण एका साप्ताहिकानं माझं एक व्यंगचित्र छापलं होतं, कोपऱ्यात, तेही नाव चुकवून. तेवढ्यावर मी स्वतःला लई मोठा टीकाकार समजायला लागलो. कलावंतानं सत्तेला भ्यायचं नसतं, असं टपरीवर सांगत बसायचो. लोक ऐकून घ्यायचे, कारण चहा मी पाजायचो.

पोळ्याला बैलाच्या अंगावर काहीबाही लिहायची आमच्याकडं रीतच हाय. दाजींनी मला 'पाऊस पडू दे' एवढंच लिहायला बोलावलं. पण पांढराशुभ्र बैल, एवढी मोठी कूस आणि चेअरमनच्याच प्रचारातला उरलेला ऑइलपेंट! माझे हात शिवशिवायला लागले. मी अख्खे चेअरमन काढले, दोन्ही गालांत कडब्याची पेंढी कोंबलेले. पाव्हणं, हे कशापायी, असं दाजींनी विचारलं. ही कला हाय, असं मी ठणकावलं. बायकोच्या भावाला काय बोलणार बिचारे.

चित्र बरं झालं होतं, पण खरी करामत बैलाची. माशी बसली की तो शेपूट हाणायचा आणि गोंडा बरोबर चेअरमनच्या गालावर बसायचा. छावणी पोट धरून हसली. त्यात माझं काही नव्हतं, तरी शाबासकी मीच घेतली.

दुपारी चेअरमन पूजेला आले. मी टँकरच्या आडोशाला सरकलो. त्यांनी चित्र निवांत पाहिलं. मला मिशी एकाच प्रकारची काढता येते. भिंतीवर तीच, बैलावर तीच. त्यांनी विचारलं दाजींना, पण बघत होते टँकरमागून डोकावणाऱ्या माझ्याकडं.

"कुणाची कला म्हणायची ही?"

मला एक पाऊल पुढं टाकायचं होतं, बस. मी टँकरची तोटी तपासायला लागलो.

"मीच काढलंय, साहेब," दाजी म्हणाले. "चुकी झाली."

जन्मात खडूनं रेघ न मारलेला माणूस! चेअरमन हसले, दाजींच्या पाठीवर थाप मारली, बैलाला पुरणपोळी चारली आणि गेले. बघा केवढं मोठं मन, असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी दाजींची जोडी छावणीच्या यादीतून गेली. जागा नाही म्हणे.

ताईनं रॉकेल लावून बैल घासला. केस गेले, कातडं लाल झालं, चेअरमन मात्र पुरते गेले नाहीत. रंग चांगल्या प्रतीचा होता. घासून झाल्यावर तिनं मलाही चहा दिला. जाऊन खरं सांगून टाकायचं, असं मी रोज सकाळी ठरवायचो आणि चहा होईपर्यंत बेत पुढं ढकलायचो. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

घरी दावणीला काडी नव्हती. महिन्याभरात दाजींनी जोडी बाजारात नेली. कासरा धरायला मीही गेलतो. एक गिऱ्हाईक बैलाभोवती फिरलं, कुशीवरचा पुसट चेहरा बघून हसलं आणि हे कुणी काढलं म्हणून विचारायला लागलं. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या पाव्हण्यानं. लई मोठा कलाकार हाय. कुणाला भेत न्हाई."

टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मनापासून बोलत होते. त्या दिवाळीनंतर ताई डोक्यावर मोळ्या वाहायला गेली.