आधी वजनं ठेवा

शिरूरच्या मार्केट यार्डात काटे दुरुस्त करणारा तो माणूस सायकलच्या कॅरिअरला काटा तपासायची सरकारी शिक्क्याची वजनं बांधून यायचा. अमेरिका इराकवर हल्ला करणार अशा बातम्या तेव्हा रोज यायच्या, आणि चहाच्या टपरीवरचा पेपर याच्याच हातात असायचा. बातमी वाचून संपायच्या आत तो भडकायचा.

"शस्त्रं हायती म्हंत्यात. मंग सापडू द्या की! युनोची तपासणारी मान्सं अजून आत हायती, आन् ह्यांला बाँब टाकायची घाई!"

"लपवली असतील," मी मुद्दाम डिवचायचो.

"मंग आणखी तपासा!" तो बशी आपटायचा आणि चहा माझ्या शर्टावर उडायचा.

त्याच आठवड्यात यार्डात बोंब उठली, की एका अडत्याचा काटा खोटा आहे, शेतकऱ्यांचा कांदा कमी भरतोय. सगळे धावले, मीही धावलो. कोणी अडत्याची कॉलर धरली, एकाने काटा फोडायला दगड उचलला. तेवढ्यात हा गर्दीतून घुसला आणि थेट काट्यावरच उभा राहिला.

"आधी वजनं ठिवू द्या! मंग फोडा!"

त्याने उतरून वीस किलोचं वजन ठेवलं. काटा साडेएकोणीसवर थांबला. एकच गलका झाला. अडत्या पांढराफटक पडला.

"सोडा त्याला!" एवढा आवाज याने टपरीवरही कधी काढला नव्हता. "ह्यो काटा परवा म्याच बसवलाय. चूक माझी हाय."

कॉलर सुटली. दगडवाल्याचा हात मात्र अजून वरच होता, आता याच्याकडे वळलेला.

हा आणखी तपासायला म्हणून दुसरं वजन ठेवायला खाली वाकला होता.