पहिल्या खुर्चीतला सोलो

तो लांब सूर पुन्हा थरथरला. मी हात खाली केले आणि ऑर्केस्ट्रा थांबला.

"सॉरी, माझाच बीट नीट नव्हता," मी म्हणालो. हे खोटं होतं आणि हॉलमधल्या प्रत्येक वादकाला ते कळत होतं.

आबिड्समधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमची तालीम चालली होती. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारा आमचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे. मी त्याचा कंडक्टर, म्हणजे पुढे उभं राहून सगळ्यांना एकत्र ठेवणारा. या वेळी मुख्य रचनाही माझीच होती. परदेशात शिकून आल्यावर बरीच वर्षं मी जाहिरातींना आणि तेलुगू सिनेमांना म्युझिक देत होतो. स्वतःची मोठी रचना आपल्या शहरात वाजण्याची ही पहिलीच वेळ. तिच्या संथ भागात बाकी सगळे थांबतात आणि एकटं व्हायोलिन अगदी हळू आवाजात लांब सूर धरतं. तो सोलो जोसेफ सरांकडे होता.

जोसेफ सर आमचे लीडर. लीडर कंडक्टरच्या डाव्या हाताला पहिल्या खुर्चीत बसतो. त्याचा बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, जसा फिरतो, तसे बाकीच्या व्हायोलिनवाल्यांचे फिरतात. सरांच्या घरी तेलुगू, पण काचीगुड्यात आमच्याच मराठी वस्तीच्या गल्लीत वाढल्यामुळे मराठी छान बोलतात, मधूनमधून दखनी मिसळून. मला व्हायोलिन त्यांनीच शिकवलं. आता सत्तरी ओलांडल्यावर त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. जलद वाजवताना ते लपायचं. लांब, हळू सुरात बो जरा हलला तरी ऐकू येतो.

तालमीनंतर आमचे ट्रस्टी रावसाहेब मला बाजूला घेऊन गेले.

"सोलो दुसऱ्या कुणाला तरी द्या. कार्यक्रम जवळ आलाय."

"दोन दिवस द्या मला."

"दोन दिवसांत हात बरा होणार आहे का?"

घरी येऊन मी तो भाग बदलला. रचनाकार जिवंत असण्याचा हा एक फायदा असतो. लांब सूर मी चेलोंना, म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातल्या मोठ्या, खर्जातल्या वाद्यांना दिले आणि व्हायोलिनला पिझिकाटो लिहिलं, म्हणजे बो न वापरता बोटाने तार छेडायची. मग ती पानं घेऊन मलकपेठला सरांच्या घरी गेलो.

सरांनी चष्मा लावला आणि गुणगुणत सगळं वाचलं.

"हे कायकू बदललं?"

"असं जास्त बरं वाटलं, सर."

"खरं बोल, सुहास."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. "डॉक्टरनी गोळी दिलीये. थोडा फरक पडतो. पूर्ण जाणार नाही म्हणाले."

"म्हणूनच हे वाजवा ना. यात बो लागतच नाही."

"नक्को. आधी इथं तुझं म्युझिक होतं. आता माझं दुखणं ऐकू येतंय."

"तुम्ही वाजवणार नसाल तर मला तो सोलोच नको."

"मग तू कंडक्टर कसला रे?" ते शांतपणे म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "मीच सांगणार होतो तुला. पण ती खुर्ची सोडायची म्हणजे..." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "शिरीषाला दे सोलो."

शिरीषा त्यांची विद्यार्थिनी. दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत काम करायची आणि तालमीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायची.

"आणि तुम्ही?"

"मी तिच्या जागेवर. पानं उलटायला कुणीतरी लागतंच ना."

दोन वादकांत नोटेशनचा एकच स्टँड असतो. पान उलटायचं काम दुसऱ्या खुर्चीतला करतो.

पुढच्या तालमीत हे सगळ्यांना कसं सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करून गेलो होतो. सर आधीच येऊन दुसऱ्या खुर्चीत बसले होते. शिरीषा आली आणि उभीच राहिली.

"सर, ही माझी जागा आहे."

"आजपासून तुझी ती पहिली. बस, सगळे थांबलेत."

ती बसली. पहिल्यांदा तिने सोलो घाबरून फार मोठ्याने वाजवला. सर तिच्याकडे झुकून काहीतरी बोलले. दुसऱ्यांदा तो बरा झाला.

कार्यक्रमात संथ भाग आला तेव्हा सरांनी आपलं व्हायोलिन मांडीवर ठेवलं. शिरीषाने सूर माझ्या बीटपेक्षा जास्त लांबवला. मी माझा हात तिच्या सुरामागून नेला. सूर शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. सरांनी पान उलटलं आणि पुढच्या ओळीला सगळ्यांबरोबर बो उचलला. टाळ्यांच्या वेळी मी शिरीषाला उभं राहायची खूण केली, तेव्हा सर बोने स्टँडवर टकटक करत होते. वादकांची दाद अशीच असते. नंतर आत येऊन ते मला एवढंच म्हणाले, "शेवटी तू जरा घाई केलीस."

आणखी एक सीझन ते दुसऱ्या खुर्चीत वाजवत होते. मग थांबले. आता तालमीला येऊन समोर बसतात आणि बो कुठे वर, कुठे खाली, याच्या खुणा करून देतात.

कंडक्टिंग शिकताना हातांचं पुष्कळ शिकवतात. एखाद्याला खुर्ची बदला असं कसं सांगायचं, ते कुणी शिकवत नाही. आता कुणाचं वाजवणं उतरायला लागलं की मी त्यांना त्याच आठवड्यात चहाला बोलावतो आणि सरळ बोलतो. चहा बहुतेक वेळा गार होतो, पण तालीम पुढे जाते.