पड ठेवलेलं पाणी

पूर्व ओरेगनच्या उंच, कोरड्या माळावर व्हर्लिन स्ट्रेटनने चाळीस वर्षं दुसऱ्यांची गुरं राखली. तेवढ्या काळात 'माझं' म्हणावं अशा त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या: खोगीर आणि बायको डॉरी. डॉरीच्या मते क्रमही तोच. त्यामुळे एकसष्टाव्या वर्षी तो सहाशे चाळीस एकर सेजब्रशच्या खुरट्या झुडपांचं रान विकत घ्यायला निघाला, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तिथे गाय खाणार काय, देखावा?"

प्रश्न रास्त होता. त्या माळावर एका गाईला वीस एकर जेमतेम पुरतात, आणि हिवाळ्यात तेही बर्फाखाली जातात. पण या तुकड्यात एक विहीर होती आणि तिच्यालगत चाळीस एकरांचं सपाट शेत. तिथे लसूणघास लावला की हिवाळ्याचा चारा घरचा. सगळा सौदा त्या चाळीस एकरांचा होता. बाकीचे सहाशे वाऱ्याला राहायला.

मालक फर्मिन उरियार्ते, ब्याऐंशी वर्षांचा, मूळ स्पेनकडचा बास्क मेंढपाळ. तो लबाड नव्हता, हे पुढे व्हर्लिनला फार जड गेलं. लबाडाला निदान शिव्या देता येतात. शेत दाखवताना म्हातारा म्हणाला, "सहा वर्षं पड ठेवलंय, पोरा. पंपाला हात लावला नाही. जमिनीला विसावा, विहिरीलाही विसावा."

गुरं राखणाऱ्याच्या कानाला याहून गोड काही नसतं. चरलेलं कुरण बंद करायचं, गवताला उसंत द्यायची, मग ते दुपटीने उठतं. व्हर्लिनला जन्मात आलेली विद्या ती हीच. वकिलाला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला, सगळी पुंजी ओतली आणि एकतीस गाई आणल्या.

मे महिन्यात पंप सुरू झाला. चौथ्या दिवशी पाणीवाटप बघणारी अधिकारीण आली. तिने गाडीच्या बॉनेटवर फाइल उघडली आणि शांतपणे समजावलं: पाणी सलग पाच वर्षं वापरलं नाही, की शेतीच्या पाण्याचा हक्क जातो. या खोऱ्यात नवा हक्क मिळत नाही. घरापुरतं आणि गुरांना पाजण्यापुरतं पाणी मात्र खुशाल काढावं.

"पण ते पड ठेवलं होतं," व्हर्लिन म्हणाला. "कुरण ठेवतात तसं."

"कळतंय मला. माझे वडीलही गुरंवालेच. पण कायद्याच्या लेखी ती पड नाही. सोडून दिलेलं पाणी आहे ते."

म्हणजे गाईंनी हवं तेवढं प्यावं, फक्त खाऊ नये. डॉरी म्हणाली, मग गाईंना कॉफी प्यायला शिकवून बघू. हसलं कुणीच नाही, तीही नाही.

ऑक्टोबरात गाई लिलावात गेल्या. फर्मिन कोकराच्या रश्श्याचं पातेलं घेऊन आला, तासभर बसला, "मला वाटलं, भलं करतोय," म्हणाला आणि पातेलं विसरून गेला.

नोव्हेंबरात जमिनीला आयडाहोहून गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा माणूस, तळहातांवर दोराचे जुने वळ. आयुष्यभर दुसऱ्यांची गुरं राखलेला माणूस व्हर्लिनला चालीवरूनच कळला. तो शेतात उकिडवा बसला, ढेकूळ फोडलं, माती नाकाशी नेली.

"चांगली आहे. किती वर्षं पड आहे?"

डॉरी घराच्या दारात उभी होती. तिने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. हा सल्ला होता की मोकळीक, ते व्हर्लिनला उमगलं नाही. एक आकडा सांगितला असता तरी भागलं असतं, आणि तो खोटाही नव्हता.

"पड नाही," तो म्हणाला. "इथलं पाणी गेलंय. कायमचं."

माणसाने हात झटकले, आभार मानले आणि तो गेला. गाडीची धूळ बराच वेळ हवेत राहिली.

"आता?" डॉरीने विचारलं.

फाटक उघडं राहिलं होतं. पळून जाईल असं आत काही उरलं नव्हतं. तरी व्हर्लिन चालत गेला, फाटक लावलं, साखळी खिळ्याला अडकवली आणि सवयीने दोनदा ओढून पाहिली.