माया मॅडमचा विषय

माया तायडे यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. त्यांचं घर मी पाहिलेलं नाही, त्यांना भावंडं किती हेही मला ठाऊक नाही. अमरावतीच्या एका खासगी विद्यापीठात दर वर्षी पौर्वात्य तत्त्वज्ञानाची व्याख्यानमाला होते. तिथं आम्ही शेजारच्या खुर्च्यांवर बसायचो, एवढीच ओळख. मी पोस्टातून निवृत्त झालेला, मॅडम अकोल्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून. मागच्या महिन्यात त्या हृदयविकारानं गेल्या. लिहिणं मला जमत नाही, पण त्यांच्या शोकसभेत जे ऐकलं त्यानंतर गप्पही बसवत नाही.

एकामागून एक वक्ते म्हणाले, मॅडमनी आयुष्यभर बुद्धविचार सांगितला. साफ खोटं. बुद्धविचार त्यांच्या घरातच होता, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. अभ्यास त्यांनी केला तो मुस्लिम तत्त्वचिंतनाचा. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर आधी उर्दू शिकल्या, मग फारसी. त्या विषयावर अमरावतीत एकदा बोलायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

या व्याख्यानमालेची रीत अशी, की आडनाव पाहून विषय द्यायचा. जोशी आले की वेदान्त, जैन आले की अनेकान्त. रीत कुठं लिहिलेली नाही, तरी ती कधी मोडल्याचं मला आठवत नाही. या वर्षी मॅडमना बोलावणं आलं; तीच आमची शेवटची भेट. त्यांनी फोनवरच विषय सांगितला. संयोजक "हो, हो" म्हणाले. सभागृहाच्या दारातल्या फ्लेक्सवर मात्र मॅडमच्या फोटोखाली 'बुद्ध आणि करुणा' छापलेलं होतं. मुस्लिम विचारांसमोर नाव होतं हमीद सरांचं. ते रसायनशास्त्र शिकवतात.

हमीद सर स्वतःच मॅडमकडे आले. "मॅडम, मी प्रॅक्टिकलवाला माणूस. मले याच्यातलं काय समजते? माझा टाइम तुमी घ्या."

संयोजक मधे आले. "असं कसं सर? तुमच्या लोकांबद्दल तुमीच बोललं तं शोभते. अन् मॅडम, बुद्धावर बोलाले तुमाले तयारी कायची लागते?"

"तुमचं आडनाव काय हो?" मॅडमनी विचारलं.

"देशमुख."

"मंग तुमी वतनदारीवर बोला."

हमीद सरांना हसू आवरेना. संयोजकांचा चेहरा उतरला. "फ्लेक्स छापून झाला मॅडम. आता काई बदलत नाही."

हातात दिलेली शाल आणि नारळ मॅडमनी टेबलावर ठेवला आणि त्या बाहेर पडल्या. मीही उठलो. पुढं कळलं, हमीद सर माइकवर "मला हा विषय येत नाही" एवढंच बोलून खाली उतरले. त्या दिवशी तिथं बोललं गेलेलं खरं वाक्य तेवढंच असावं.

बसस्टँडवर मॅडम रागातच बाकावर बसल्या. मी कोणाला सहसा प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी विचारलं, "काय बोलणार होत्या?"

त्यांनी तिथंच, बाकावर, सुरुवात केली.

"कापसाले आग लागली तं कापूस जळते. पण आगीनंच जाळला, हे कोणी पाह्यलं भाऊ? आपण पाह्यलं एवढंच, की आग आली अन् मंग कापूस जळला. दोन्ही आपण मनानं जोडले. नऊशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम विचारवंतानं हे लिहून ठेवलं. इथं घरोघरी कापूस, अन् हे सांगाले मले बंदी. काहून? तं माझं आडनाव तायडे."

शेजारी परतवाड्याच्या बसची वाट पाहत बसलेल्या एका बाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि नीट ऐकू लागली.

"त्याले पुढं दुसऱ्या एकानं जे उत्तर देलं, ते तं याहून भारी आहे," मॅडम म्हणाल्या, आणि अकोल्याची बस लागली.

"बाकीचं फोनवर सांगते," चढता चढता त्या म्हणाल्या. "तुमचा फोन लागत नाही पण."

"बॅटरी खराब झाली. बदलतो."

"बदला. अन् पाणी प्या जरा, उन्हातून आले माझ्या मागं."

"तुमी बसा आधी, जागा जाईल."