कपाळ वाजवून पाहणारे साडू

माझे साडू केवळ घोड्यांच्या नाकांसाठी जन्माला आले आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. ते पशुवैद्य, पण गाई-म्हशींकडे ते शेजारधर्म म्हणून पाहतात आणि माणसांकडे तेवढेही नाही. राहात्याला माझ्या पुतणीच्या लग्नात वरात मांडवाच्या दारी आली, तेव्हा सारे नवरदेवाकडे पाहत होते आणि हे वाकून घोडीच्या नाकपुड्या हुंगत होते. मग दोन बोटांनी तिचे कपाळ वाजवून आरती घेऊन खोळंबलेल्या बाईंना म्हणाले, "नाक स्वच्छ हाय. आता ओवाळा." रांजण, कलिंगड, डुलकी घेणारे सासरे, काहीही समोर आले की त्यांची बोटे वाजवून पाहतात. पोकळ आवाज आला की ते समाधान पावतात. सासऱ्यांच्या कपाळाविषयी त्यांचे मत फार चांगले होते.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मैना घोडीच्या एकाच नाकपुडीतून कुजक्या वासाचा पू येऊ लागला. साडूंनी तिचा गाल वाजवला. "ढब्ब बोलतोय. वरची दाढ सडली, अन् पू हाडाच्या पोकळीत साठलाय. भोक पाडून धुवावं लागंल, न्हाईतर जनावर हातचं जाईल." त्या देखण्या चेहऱ्याला भोक! मी दोन दिवसांची मुदत मागितली, ते गेल्यावर ओव्याची धुरी देत बसलो आणि फोनवर "बराच उतार आहे" असे सांगत राहिलो. ते इतके आनंदत, की खरे सांगणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. इकडे मैनेचा गाल सुजला, तिने कडबा सोडला.

एके सकाळी साडू हुरडा खायला म्हणून अचानक आले आणि फाटकातच थबकले. "पाव्हणं, ह्यो उताराचा वास न्हाई." बस, एवढेच. इंजेक्शनने मैना उभ्या उभ्या पेंगली, गाल बधिर झाला, हाडाला भोक पडले आणि पू असा उसळला की आम्ही सारे मागे सरलो. हे मात्र पुढे सरकले. "लई बरं वाटलं असंल तिला," म्हणाले, जणू स्वतःचेच नाक मोकळे झाले होते. मग दाढ काढली, आणि रोज कोमट मिठाच्या पाण्याने पोकळी धुण्यासाठी ते आमच्याकडेच राहिले. हुरडा इतरांनी खाल्ला.

मैना कडबा खाऊ लागली, त्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "मी तुमच्याशी खोटं बोललो. माफ करा."

"माझं काय दुखलं? ज्याचं दुखलं त्याला सांगा की."

गडीमाणसे पाहत होती. गालावरच्या भोकाची जखम अजून ओली होती. मी मैनेच्या मानेवर हात ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "मैने, तुझं रूप जपायला गेलो आणि तुला दुखत ठेवलं. चुकलं माझं."